सदतीस विरुद्ध छत्तीस!

दोस्तांनो, आपल्याकडे गल्लीत तीन दगड रचले की क्रिकेट सुरू होतं. युरोपच्या नकाशात बाल्टिक समुद्राच्या काठी एक छोटासा देश आहे, तिथली मुलं मात्र लाकडी फळीला लोखंडी कडं ठोकतात आणि चेंडू घेऊन सुटतात. देशाचं नाव लिथुआनिया. लोकसंख्या जेमतेम २८-२९ लाख. म्हणजे सगळाच्या सगळा देश आपल्या एखाद्या मोठ्या शहरात आरामात मावेल! पण बास्केटबॉल म्हटलं की भल्याभल्या देशांना घाम फुटतो तो याच्या नावानं. तिथले लोक गमतीनं म्हणतात, बास्केटबॉल हा आमचा दुसरा धर्म आहे.

हे वेड आलं कुठून? त्याचं उत्तर शोधायला आपल्याला १९३९ सालच्या मे महिन्यात जायला हवं. गाव, कौनास. स्पर्धा, युरोपियन बास्केटबॉल अजिंक्यपद. आठ देशांचे संघ आलेले, आणि सगळं गाव एका नव्याकोऱ्या सभागृहाकडे निघालेलं. पण तिथं पोचायच्या आधी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या सामन्यातली खरी मजा कळायची नाही.

वैमानिकानं आणलेला खेळ

बास्केटबॉल जन्मला अमेरिकेत. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावातल्या जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं थंडीत मुलांना घरात खेळता यावं म्हणून पीच फळांच्या टोपल्या कठड्याला टांगल्या आणि त्यात चेंडू टाकायला लावला. हे तुम्ही कधीतरी वाचलंच असेल.

लिथुआनियात हा खेळ पोचवणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे. स्तेपोनास दारियुस. हा लहानपणीच अमेरिकेला गेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढला आणि लिथुआनिया स्वतंत्र झाल्यावर १९२० साली मायदेशी परतून तिथल्या हवाई दलात वैमानिक झाला. गडी मोठा हरहुन्नरी. फुटबॉलच्या राष्ट्रीय संघात गोलरक्षक होता, अमेरिकेत शिकलेला बास्केटबॉल यानं इथल्या तरुणांना शिकवला आणि पुढे त्याच्या नियमांचं पुस्तकही लिहिलं.

आणि ऐका, मुलींनो! तिथला पहिला अधिकृत सामना झाला तो २३ एप्रिल १९२२ रोजी, कौनासमध्ये, आणि तो मुलींच्या संघांत झाला. एलेना कुबिल्युते नावाची खेळाडू त्यात पुढे होती. पुरुषमंडळी मागून आली!

दारियुसची गोष्ट इथं संपत नाही. १९३३ साली तो आणि त्याचा मित्र स्तासीस गिरेनास यांनी ‘लितुआनिका’ नावाच्या छोट्या विमानातून न्यूयॉर्क ते कौनास असं न थांबता उडायचं ठरवलं. अमेरिकेत राहणाऱ्या लिथुआनियन लोकांनी वर्गणी काढून विमानाचा खर्च उचलला. १५ जुलैला दोघे निघाले. अटलांटिक महासागर ओलांडला, ३७ तासांत सुमारे ६,४०० किलोमीटर अंतर कापलं आणि कौनास अवघं साडेसहाशे किलोमीटर उरलं असताना रात्री जंगलात विमान कोसळलं. दोघेही गेले. कौनासच्या विमानतळावर त्यांची वाट पाहत हजारो माणसं उभी होती.

आज कौनासच्या मुख्य स्टेडियमला या दोघांचं नाव आहे. त्याच स्टेडियमच्या शेजारी ते सभागृह आहे, जिथं आपल्याला जायचंय.

आधी लॅटव्हियाची बाजी

युरोपातल्या देशांची पहिली बास्केटबॉल स्पर्धा १९३५ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात झाली. दहा संघ होते. जिंकलं कोण? इटली? फ्रान्स? छे! जिंकला लॅटव्हिया, लिथुआनियाचा उत्तरेकडचा शेजारी. अंतिम सामन्यात त्यांनी स्पेनला २४-१८ असं हरवलं.

गुण वाचून हसू आलं ना? आजकाल एकेक संघ ऐंशी-नव्वद गुण करतो. पण तेव्हाचा खेळच वेगळा होता. आज चेंडू हातात आला की २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावाच लागतो. तेव्हा असं घड्याळ नव्हतंच. आघाडी मिळाली की चेंडू आपल्याआपल्यात फिरवत बसा, कोण विचारतो! लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण द्यायचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९८४ साली आला. शिवाय बहुतेक खेळाडू पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू ढकलत. म्हणून एकेका बास्केटची किंमत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या वेळी पद्धत अशी होती की जो जिंकेल त्यानं पुढची स्पर्धा भरवायची. त्यामुळे १९३७ची स्पर्धा लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगाला ठरली. यजमानांना वाटलं, आता घरच्या मैदानावर दुसरं अजिंक्यपद आपलंच!

लिथुआनियाही रिगाला जायला निघाला. त्यांच्याकडून कोणालाच फारशी आशा नव्हती. पण त्यांनी एक युक्ती केली होती. गरिबीला आणि रशियाच्या झारच्या जाचाला कंटाळून हजारो लिथुआनियन कुटुंबं पूर्वी अमेरिकेत गेली होती. त्यांची मुलं तिथल्या शाळा-कॉलेजांत बास्केटबॉल खेळत मोठी झाली होती. त्यांतल्या काहींना आईवडिलांच्या देशात बोलावून घेतलं. फेलिक्सास क्रियाउच्युनास आणि प्रानास ताल्झुनास हे त्यांतले दोघे. क्रियाउच्युनास खेळायचा आणि शिकवायचाही.

आता या नावांनी जीभ वळत नसेल तर एक गंमत सांगतो. लिथुआनियन भाषेत पुरुषांच्या नावांच्या शेवटी ‘स’ हमखास येतो. तो आपल्या संस्कृतातल्या विसर्गाचा भाऊ! आपण ‘धूमः’ म्हणतो, ते ‘दूमास’ म्हणतात, अर्थ एकच, धूर. आपला ‘अग्निः’ त्यांचा ‘उग्निस’. मुलगा म्हणजे ‘सूनुः’, त्यांच्याकडे ‘सूनुस’. युरोपातल्या जिवंत भाषांमध्ये इतकी जुनी रूपं टिकवून ठेवलेली भाषा क्वचितच सापडेल. तेव्हा क्रियाउच्युनासला अगदीच परका समजू नका.

तर रिगाला चमत्कार झाला. लिथुआनियानं एकामागून एक सामने जिंकले आणि अंतिम फेरीत इटलीला २४-२३ असं हरवलं. फक्त एका गुणानं! ज्या देशानं कुठल्याही सांघिक खेळात असं यश पाहिलं नव्हतं, तो देश एकदम युरोपचा विजेता झाला. संघ परतला तेव्हा स्टेशनवर स्वागताला ही गर्दी लोटली. आणि त्या दिवसापासून गावोगावची पोरं फुटबॉल बाजूला ठेवून कड्याकडे चेंडू फेकायला लागली. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, महिलांची पहिली युरोपियन स्पर्धा रोममध्ये झाली. तिच्यात लिथुआनियाच्या मुलींनी दुसरा क्रमांक पटकावला.

आता १९३९ची स्पर्धा भरवायची पाळी लिथुआनियाची. प्रश्न एवढाच होता, की खेळायचं कुठं?

काही महिन्यांत उभं राहिलेलं सभागृह

त्या काळी व्हिल्नियस हे शहर पोलंडच्या ताब्यात होतं. म्हणून लिथुआनियाचा सगळा कारभार कौनासमधून चाले. तिला ‘तात्पुरती राजधानी’ म्हणत. शहर झपाट्यानं वाढत होतं, नव्या धाटणीच्या इमारती उठत होत्या. (त्या काळातल्या कौनासच्या वास्तुकलेला २०२३ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.) पण हजारो प्रेक्षक बसतील असं छपराखालचं मैदान काही नव्हतं.

मग अनातोलियुस रोझेनब्ल्युमास या इंजिनियरनं आराखडा केला. मधे एकही खांब नको, नाहीतर प्रेक्षकांना दिसणार काय! म्हणून पोलादी कैच्यांवर मोठं छप्पर तोललं. काम थंडीत चाललं आणि अवघ्या काही महिन्यांत सभागृह उभं राहिलं. बसायला साडेतीन हजार जागा आणि उभ्यानं पाहणारे आणखी हजारो. खास बास्केटबॉलसाठी बांधलेलं युरोपातलं हे पहिलं सभागृह मानलं जातं.

पण बाहेर हवा बिघडत चालली होती. मार्च १९३९ मध्ये, स्पर्धेच्या दोनच महिने आधी, हिटलरच्या जर्मनीनं लिथुआनियाला दम दिला आणि क्लायपेदा बंदर हिसकावून घेतलं. देशाचं एकुलतं एक मोठं बंदर गेलं. पोलंडशी तर वीसएक वर्षं बोलचालच बंद होती. दोन देशांत राजदूत पाठवायला सुरुवात झाली तीच मुळी १९३८ मध्ये. आणि आता त्याच पोलंडचा संघ कौनासला खेळायला येत होता. लोकांच्या मनात काय काय चाललं असेल, तुम्हीच विचार करा. सगळीकडून चेपल्या जाणाऱ्या देशाला ‘आम्ही आहोत’ असं मोठ्यानं ओरडून सांगायला ते एक सभागृह उरलं होतं.

फ्रँक की प्रानास?

या सगळ्याच्या मधोमध उभा होता एक उंच माणूस. तब्बल दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्याही वर! आज दोन मीटरचा खेळाडू बास्केटबॉलमध्ये पैशाला पासरी, पण तेव्हा तो राक्षसच वाटे. आणि राक्षसावरून आठवलं. अमेरिकेत तो युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या संघातून खेळायचा, तेव्हा कंपनीच्या जाहिरातीसाठी त्याला चक्क फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं सोंग देऊन मिरवीत!

याचं नाव फ्रँक ल्युबिन. जन्म १९१०, लॉस एंजेलिस. आईवडील लिथुआनियन. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदाच अधिकृत खेळ म्हणून आला आणि ल्युबिन अमेरिकेच्या संघात होता. तो अंतिम सामना म्हणजे एक फजितीच होती. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर ठेवलेले. ऐन अंतिम सामन्याला धो धो पाऊस! चिखलात चेंडू टप्पाच घेईना, मग ड्रिबल करणार कसं? शेवटी अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं आणि ल्युबिनच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं.

बर्लिनमध्ये त्याला लिथुआनियाचे लोक भेटले. ‘इतक्या जवळ आला आहेस, तर आईवडिलांचा देश बघून जा की!’ असा त्यांचा आग्रह. तो कौनासला गेला. तिथं त्याचं नाव झालं प्रानास ल्युबिनास. बघता बघता तो मुलांना बास्केटबॉलचे डाव शिकवू लागला. १९३७च्या विजेत्या संघात तो नव्हता, पण १९३९ साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जबाबदाऱ्या घेऊन तो उतरला. त्याच्यासोबत अमेरिकेत वाढलेले आणखीही काही जण संघात होते.

इथं शेजारी चिडले. लॅटव्हियाचं म्हणणं, हे लिथुआनियाचे खेळाडू कसले, हे तर अमेरिकन! तीन वर्षांपूर्वी अमेरिकेसाठी सुवर्णपदक घेणारा माणूस आज लिथुआनियाचा गणवेश घालून येतो, हा कुठला न्याय?

तुम्हाला काय वाटतं? मला विचाराल तर लॅटव्हियाचा राग अगदीच खोटा नव्हता. त्यांची पोरं सगळी आपल्याच मातीत शिकलेली, आणि समोर कॅलिफोर्नियातला ऑलिंपिकवीर! आज एखाद्या देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर कडक नियम आडवे येतात. पण तेव्हा तसे नियम नव्हते. आणि दुसरी बाजूही आहेच. ल्युबिनच्या आईवडिलांनी देश सोडला तो हौसेनं नव्हे. घरात लिथुआनियन बोलणारा मुलगा आईवडिलांच्या देशासाठी खेळला तर त्याला परका कसं म्हणायचं? हा वाद जगातल्या कितीतरी खेळांत अजून चालू आहे.

शेवटचे क्षण

१९३९च्या स्पर्धेत उपान्त्य-अंतिम असा प्रकार नव्हता. आठ संघ होते, लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, पोलंड, फ्रान्स, इटली, हंगेरी आणि फिनलंड. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, आणि जास्त सामने जिंकणारा विजेता. म्हणजे प्रत्येक सामना महत्त्वाचा.

आणि बघा योगायोग, लिथुआनियाचा पहिलाच सामना पडला लॅटव्हियाशी! एक १९३५चा विजेता, दुसरा १९३७चा. दोघेही सख्खे शेजारी. दोघांच्या भाषाही सख्ख्या बहिणी, बाल्टिक कुळातल्या आज जिवंत असलेल्या दोनच. आणि भाऊबंदकीतलं भांडण कसं असतं ते आपल्याला काय सांगायला हवं?

सभागृह खच्चून भरलं. सामना सुरू झाला तो असा की कोणीच कोणाला सोडेना. एकानं बास्केट केलं की दुसऱ्यानं लगेच परत. लॅटव्हियाची पोरं चपळ, एकमेकांचा खेळ पाठ असलेली. सगळा भार ल्युबिनासला रोखण्यावर. खेळ अगदी शेवटच्या क्षणांवर आला तेव्हा फलकावर आकडे होते, लॅटव्हिया ३६, लिथुआनिया ३५.

आता आठवा मघाशी काय सांगितलं ते. चेंडू किती वेळ हातात ठेवायचा याचं बंधन नाही. पुढे असलेल्या संघानं चेंडू नुसता फिरवत ठेवला तरी सामना खिशात. पण चेंडू लिथुआनियाच्या हाती आला, बास्केटजवळ उभ्या असलेल्या ल्युबिनासकडे पोचला, त्यानं हात उंच केले आणि...

३७-३६!

वेळ संपली. सभागृहात जो काही कल्लोळ झाला असेल तो कल्पनेनंच ऐकायचा. तुम्ही गणितात हुशार असाल तर आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सगळे सामने संपले तेव्हा लिथुआनियाचे सातपैकी सात विजय होते आणि लॅटव्हिया दुसरा आला होता. म्हणजे पहिल्याच दिवशीच्या त्या एका बास्केटनं सगळ्या स्पर्धेचा निकाल लावून टाकला होता!

बाकीचे सामने त्यामानानं सोपे गेले. शेवटी इटलीला २७-१५ असं हरवून लिथुआनियानं अजिंक्यपद राखलं. पोलंड तिसरा आणि फ्रान्स चौथा. बिचाऱ्या फिनलंडची मात्र दैना झाली. त्यांना या खेळाची नीट ओळखही नव्हती. लिथुआनियानं त्यांना ११२-९ असं धुतलं, आणि एस्टोनियानं तर ९१-१ असं! एक गुण, बरं का! तो एक गुण करणाऱ्या खेळाडूचं मला उगाच कौतुक वाटतं.

लॅटव्हियाची तक्रार स्पर्धा संपल्यावरही धुमसत राहिली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ल्युबिनासचं नाव लागलं नाही. तो मान गेला त्याच्याच संघातल्या मिकोलास रुझगीसला. गंमत म्हणजे हा रुझगीसही अमेरिकेत वाढलेलाच होता!

आणि मग अंधार

दोस्तांनो, आता त्या आठ देशांची नावं पुन्हा एकदा वाचा. मे महिन्यात हे सगळे कौनासला एकत्र खेळले, जेवले, फोटो काढले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. नोव्हेंबरच्या शेवटी सोव्हिएत संघ फिनलंडवर चालून गेला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, इटली युद्धात उतरली, आणि त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनियात शिरले. १९४१ मध्ये हंगेरीही युद्धात ओढली गेली. जेमतेम दोन वर्षांत आठांपैकी एकही देश कोरडा राहिला नाही. तीन देश तर नकाशावरूनच पुसले गेले.

ल्युबिन युद्ध पेटल्यावर कसाबसा अमेरिकेला परतला. त्याच्या संघातले सोबती पांगले. कोणी अमेरिका गाठली, कोणी पार ऑस्ट्रेलिया. देशातल्या हजारो माणसांना सायबेरियात हद्दपार करण्यात आलं.

१९४७ साली प्राग शहरात पुन्हा युरोपियन स्पर्धा भरली, आणि सोव्हिएत संघ पहिल्यांदाच उतरून जिंकलाही. पण त्या संघात बघितलं तर लिथुआनिया आणि एस्टोनियाचे खेळाडू! खेळ तोच, हात तेच. छातीवरची अक्षरं मात्र दुसऱ्याची.

असं चाळीस-पन्नास वर्षं चाललं. कौनासच्या त्याच सभागृहात आता ‘झाल्गिरिस’ हा क्लब खेळू लागला. १९८०च्या सुमारास तिथं एक अवाढव्य पोरगा आला. आर्विदास साबोनिस. कौनासचाच. उंची २ मीटर २१ सेंटिमीटर! म्हणजे ल्युबिनासही त्याच्यापुढे बुटका. पण नुसता ताड नव्हे, पाठीमागून पास द्यायचा, लांबून नेम धरायचा. १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षं झाल्गिरिसनं सोव्हिएत अजिंक्यपद जिंकलं, तेही मॉस्कोच्या लष्करी क्लबला मागे टाकून. स्वतःचा झेंडा लावायची चोरी असलेल्या देशात त्या विजयाचा अर्थ काय असेल, हे वेगळं सांगायला नको. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघानं अमेरिकेला हरवून सुवर्णपदक घेतलं, त्या संघाचा कणा म्हणजे चार लिथुआनियन, साबोनिस, मार्च्युलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि होमिच्युस.

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसला रणगाड्यांसमोर निःशस्त्र माणसं उभी राहिली, काहींचे प्राण गेले. आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लिथुआनियाचा स्वतःचा संघ आला! तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात त्यांनी जुन्या सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असं हरवलं आणि पदक घ्यायला रंगीबेरंगी टीशर्ट घालून गेले, ज्यावर चक्क एक सांगाडा बास्केटमध्ये चेंडू टाकत होता. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदानं त्यांना केलेल्या मदतीची ती आठवण.

युरोपियन स्पर्धेत लिथुआनिया पुन्हा दिसला तो १९९५ साली अथेन्सला. मधे ५६ वर्षं गेली होती! अंतिम सामना युगोस्लाव्हियाशी. पंचांच्या निर्णयांवरून असा भडका उडाला की लिथुआनियाचे खेळाडू खेळायलाच तयार होईनात. त्यांना समजावलं कोणी, तर प्रतिस्पर्धी संघाच्या अलेक्सांदर जॉर्जेविचनं! आणि त्याच जॉर्जेविचनं त्या सामन्यात ४१ गुण ठोकले. युगोस्लाव्हिया ९६, लिथुआनिया ९०. समजूत घालणारा गडी मोठा मनाचा खरा, पण नेम धरताना दया नाही!

फ्रँक ल्युबिन तेव्हा ८५ वर्षांचा होता. लिथुआनियात त्याला ‘बास्केटबॉलचे आजोबा’ म्हणत. १९९९ साली तो वारला. आणखी चार वर्षं जगता तर त्याला २००३ची स्पर्धा पाहता आली असती. स्टॉकहोममध्ये लिथुआनियानं एकही सामना न गमावता अंतिम फेरी गाठली आणि स्पेनला ९३-८४ असं हरवलं. स्पेनच्या पाऊ गासोलनं एकट्यानं ३६ गुण केले, तरी! स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला शारुनास यासिकेव्हिच्युस, तोही कौनासचाच. १९३७, १९३९ आणि मग ६४ वर्षांनी २००३. तिसरं अजिंक्यपद.

आणि २०११ मध्ये स्पर्धा पुन्हा घरी आली. या वेळी २४ संघ. कौनासला नदीतल्या बेटावर नवंकोरं, पंधराएक हजार प्रेक्षकांचं सभागृह बांधलेलं. झाल्गिरिस क्लबही जुनं सभागृह सोडून तिकडं गेला. उपान्त्यपूर्व सामना मॅसिडोनियाशी होता. मॅसिडोनिया! लोकसंख्या वीस लाख, लिथुआनियाहूनही लहान. शेवटच्या काही सेकंदांत लिथुआनिया दोन गुणांनी पुढे, आणि व्लादो इलिएव्हस्कीनं लांबून चेंडू फेकला. तीन गुण! सामना संपला तेव्हा मॅसिडोनिया ६७, लिथुआनिया ६५.

यजमान स्पर्धेबाहेर गेले, तेही शेवटच्या क्षणाच्या एका नेमानं. लिथुआनियाचा संघ पुन्हा मैदानात आला, उरलेले सामने खेळला, पाचवा क्रमांक घेतला आणि २०१२च्या ऑलिंपिक पात्रता फेरीच्या तयारीला लागला.